दौंडहून न्हावऱ्याला, चोक सांभाळत

दौंड ते न्हावरे हा प्रवास हौसेने करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वाटेत किल्ला नाही, धबधबा नाही, थंड हवेचं ठिकाण तर नाहीच. चिपळूणला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, "मग काय काय पाहिलंत?" तेव्हा मी खरं ते सांगितलं: एक जुनी मोटारसायकल पाहिली, फार जवळून पाहिली. त्यांना ती गंमत वाटली. पण त्या मोटारसायकलीवर माझ्या भाचीची नोकरी अवलंबून होती, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी सरकारी दवाखान्यात भांडारपाल आहे. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं, हे लिहून ठेवण्यात माझी निम्मी हयात गेली. त्यामुळे घरातल्या कुठल्याही कामाची आखणी माझ्याकडे येते आणि प्रत्यक्ष काम माझ्या यजमानांकडे, म्हणजे वसंतरावांकडे जातं. ही वाटणी आम्हा दोघांनाही मानवते.

शुक्रवार, दौंड

माझी धाकटी बहीण लता दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहते. तिचे यजमान श्रीरंग रेल्वेत नोकरीला. मी त्यांना भावोजी म्हणते, ते मला आक्का म्हणतात. कॉलनीतल्या माणसांची एक सवय मला फार आवडते. मालगाडी धडधडत जाऊ लागली की बोलणारा वाक्य अर्ध्यात सोडतो, ऐकणारा तसाच तोंडाकडे बघत राहतो, आणि शेवटचा डबा गेला की वाक्य त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. आमच्याकडे पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की आम्ही ओरडून बोलतो. इथे कोणी आवाज चढवत नाही. गाडी जाणारच आहे, मग घसा कशाला बसवायचा?

अशाच तुकड्यातुकड्यांत लताने मला सगळी हकिगत सांगितली. तिची मुलगी सुनीता न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर दिलेली आहे. तिला रांजणगावच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात नोकरी लागली होती. सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हायचं. कंपनीची बस न्हावऱ्यापर्यंत येते, पण वस्ती तिथून बरीच आत, उसाच्या रानात. उजाडायच्या आत नवऱ्याने, म्हणजे दत्ताने, तिला गाडीवरून बसपर्यंत सोडायचं असं ठरलं होतं. गाडी भावोजींची जुनी मोटारसायकल. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, एकच अट घातली होती: सोमवारी पहाटे गाडी नीट चालू झाली तर सुनीताने जावं, नाही तर नोकरीचा विषय संपला.

"दुष्ट नाहीत ते," लता म्हणाली. "पण अंधारात सून आडरानात अडकली तर काय, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. आणि सोमवारी गेली नाही तर कंपनी यादीतल्या पुढच्या मुलीला..." इथे मालगाडी आली. "...बोलावणार," गाडी गेल्यावर लताने वाक्य पुरं केलं.

दत्ताच्या उसाला तोड आली होती, त्याला रान सोडता येत नव्हतं. भावोजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी चालवायची नाही आणि वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून गाडी पोचवायचं काम आमच्याकडे आलं. वसंतरावांनी पूर्वी ऑफिसची मोटारसायकल चालवलेली होती आणि आम्हाला जानेवारीत रजा होती.

भावोजी काळा चष्मा लावून, पाठ ताठ ठेवून, गाडीपाशी उभे राहिले आणि माहिती देऊ लागले.

"आक्का, गाडी चांगली हाय, फकस्त तिचं एक तंत्र हाय. गार आसताना आधी चोक काढायचा. मंग किक. इंजिन लागलं की जरा दम धरायचा, आन् चोक लावायचा. लावायला इसरायचं न्हाई. लोकं इसरत्यात आन् मंग गाडीच्या नावानं बोंब मारत्यात."

"काढायचा, किक, दम, लावायचा," मी म्हणून दाखवलं.

"बास. तुमच्या बहिणीला इतक्या वर्सांत येवढं आलं न्हाई."

"मला गाडीवर बसायला कधी मिळालं, तेव्हा येणार?" लता स्वयंपाकघरातून म्हणाली.

चोक म्हणजे नेमकं काय, ते मी वसंतरावांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी इंजिनाच्या डाव्या अंगाला, टाकीखाली, एक बोटभर खटका दाखवला. "वर केला की चोक लागतो, खाली केला की निघतो. ऑफिसच्या गाडीला असाच होता. पण आपल्या उकाड्यात तो वापरायची वेळच कधी आली नाही."

किक उजवीकडे, खटका डावीकडे. मी लगेच वाटणी केली: किक त्यांनी मारायची, खटका मी सांभाळायचा.

शनिवार, वरवंड, केडगाव आणि भीमेचा पूल

गाडी सकाळभर उन्हात उभी होती. आम्ही निघालो तेव्हा पहिल्याच किकला लागली. भावोजींनी मान डोलावली. मी दम धरला, भावोजी आत गेल्यावर वाकून खटका वर केला, आणि मागे बसले. आवाज जरा जड झाला.

"आता कशी सांभाळून बोलायला लागली," वसंतराव म्हणाले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथे उभं राहिल्याबरोबर गाडी सांभाळून बोलायची थांबली. ती आधी गुरगुरली, मग डचमळली, मागून काळा धूर सोडला आणि गप्प बसली. मी उतरून खटका खाली केला, वसंतरावांनी किका मारल्या, बऱ्याच वेळाने ती लागली, मी पुन्हा खटका वर केला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला नाही, हे मला नोंदवून ठेवावंसं वाटतं. तो खाली उतरून बघायला आला आणि "क्लच" एवढा एकच शब्द बोलून परत गेला. या मुलुखात बंद पडलेल्या गाडीला कोणी एकटं सोडत नाही. प्रत्येक जण एक तरी आजार सांगून जातो.

हमरस्त्यावर गाडी बरी धावत होती. अडचण फक्त थांबण्याची. वरवंडला चहासाठी थांबलो तिथे ती अशी रुसली की शेवटी लिंबाखालच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. मेकॅनिक चाळिशीचा, तोंडात बडीशेप. त्याने प्लग काढून आमच्यापुढे धरला. तव्याच्या बुडासारखा काळा.

"ह्यो विटकरी पायजे. काळा म्हंजी पेट्रोल जास्त जातंय."

"का जातंय?"

"जुनं इंजिन हाय, मावशी. म्हाताऱ्या मान्साला भूक जास्त."

त्याने पॉलिश पेपरने प्लग घासला, बसवला आणि स्वतः किक मारली. गाडी शिवणाच्या मशीनसारखी एका लयीत चालू लागली. मी खूश झाले. तो हात पुसायला गेला, मी ठरल्याप्रमाणे दम धरून खटका वर केला, आणि आम्ही निघालो. चौफुल्याला उजवीकडे वळेपर्यंत धूर परत आला होता.

केडगावच्या अलीकडे ती रस्त्यातच विझली. समोर गुऱ्हाळ होतं, म्हणून मला फार दुःख झालं नाही. काहिलीत रस रटरटत होता आणि गोड वाफेने रस्ता भरून गेला होता. गुऱ्हाळवाल्याने विचारपूस करायच्या आधी आमच्या हातावर उसाच्या कांड्याने ऊन ऊन गूळ ठेवला. आमच्याकडे काकवी बाटलीतून येते, घावनाबरोबर चमचाभर मिळते. इथे तिचा तांब्याच पुढे आला. मी नको म्हणाले तर गुऱ्हाळवाल्याच्या घरच्या बाईंना वाटलं मी लाजते आहे, आणि त्यांनी तांब्या वसंतरावांकडे सरकवला. ते लाजले नाहीत.

"गाडीला झालंय काय?" बाईंनी विचारलं.

"लवकर चालू होत नाही. झाली की गुरगुरते, आणि जरा थांबलं की बंद."

"आमच्या सासूबाईंचं बी आसंच हाय," त्या म्हणाल्या. आतून खोकल्याचा आवाज आला तशा त्या काहिलीकडे वळल्या.

गुऱ्हाळवाल्याचं मत पडलं की पेट्रोलमध्ये रॉकेल असावं. ते मी बाकीच्या आजारांत जमा केलं: क्लच, म्हातारपण, रॉकेल.

पारगावच्या पुढे भीमेच्या पुलावर मेंढरं आडवी आली. सगळा पूल लोकरीचा झाला होता. वसंतरावांनी गाडी हळू केली, आणि ती मेंढरांच्या मधोमध विझली. मेंढरं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली. खाली भीमा संथ होती, काठाला ऊस, आणि लांबवर सगळी काळी जमीन. आमच्या लाल मातीतून आलेल्या माणसाला ती जमीन नेहमी नुकतीच भिजल्यासारखी वाटते.

मेंढक्या शेवटी आला. "गाडी का थांबली?"

"हळू केली की बंद पडते."

"मंग हळू नगा करू," तो म्हणाला आणि मेंढरांमागे गेला. त्या दिवसातला हा एकच सल्ला मला आचरणात आणण्यासारखा वाटला.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पूर्वी या घरची माणसं मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायची. आता कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, आणि दारात हौसेपुरती थोडी मेंढरं उरली. आप्पा अंगणात खाटेवर बसले होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. गाडी अंगणात शिरली, दोनदा खोकली आणि त्यांच्या पायापाशी विझली.

"हीच का ती?" आप्पांनी विचारलं.

सुनीता दारात उभी होती. ती हसली, पण तिची नजर गाडीवर होती. आत गेले तर खुंटीला कंपनीचा निळा ड्रेस इस्त्री करून टांगलेला दिसला. त्यावर धूळ बसू नये म्हणून वरून धुतलेला पंचा घातला होता.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "अरे, हे तर कुळीथ." सुनीताची सासू, हौसाबाई, म्हणाली, "कुळीथ नव्हं, हुलगं." मी म्हटलं एकच ते. ती म्हणाली एकच कसं, नाव येगळं हाय की. आम्ही कुळथाचं पिठलं भातावर घेतो, वर खोबरं. इथे पिठाची वेटोळी करून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात. दोन वाट्या खाल्ल्यावर मी हुलगे म्हणायला लागले.

रविवार, शिरूर

देशावरची थंडी मी कमी लेखली होती. सकाळी अंगणातली बादली हाताला चावत होती. मी खटका खाली आहे याची खात्री केली आणि वसंतरावांनी किका मारायला सुरुवात केली. मग दत्ताने मारल्या. मग पुन्हा वसंतरावांनी, स्वेटर काढून. आप्पा खाटेवरून बघत होते. ऊन अंगणात उतरून टाकी तापली तेव्हा कुठे गाडी लागली.

"चला, लागली एकदाची," वसंतराव म्हणाले.

"लागली," आप्पा म्हणाले. "पर पहाटं ऊन नसतं, पाव्हणं."

सुनीता भाकरी थापत होती. तिच्या हाताची लय चुकली, तेवढंच. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, न्हाई जमलं तर राहू द्या. तुम्ही लई केलं."

मला असं कोणी म्हटलं की मी पेटते. "आज शिरूरला जातो," मी म्हटलं, "आणि गाडी सरळ करूनच आणतो."

शिरूरचा रस्ता मोटारसायकलींनी भरलेला होता. रांजणगावच्या कारखान्यांमुळे इकडची तरुण मुलं वेळ सांगताना सकाळ-दुपार म्हणत नाहीत, फर्स्ट-सेकंड म्हणतात. बाजारात एक मुलगा आईला सांगत होता, "माझं लग्न थर्डमधी नको ठिवू." त्याची पाळी थर्ड, म्हणजे रात्रीची, असावी.

सगळ्यांनी नाव घेतलं तो मेकॅनिक बिहारकडचा निघाला. कारखान्यात कामाला आला, मग गॅरेज टाकून इथेच राहिला. त्याने कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून बघितलं, पॉईंटची फट नीट केली, प्लग बदलला.

"पेट्रोल ज्यादा पी रही है," तो जुना प्लग निरखत म्हणाला. मग वाकून खटक्याकडे बघितलं. "पर चोक तो नीचे है. चोक ठीक है."

अर्थातच खाली होता. गाडी थांबली की पुढच्या वेळेसाठी खटका जागच्या जागी करून ठेवायचा, हा मी स्वतःला लावून घेतलेला नियम होता.

त्याने गाडी चालू केली. ती एवढी गोड चालली की वसंतरावांनी त्याचा हात हातात घेतला. आम्ही निघालो, मी दम धरून खटका वर केला, आणि एस.टी. स्टँडच्या समोर गाडी डचमळायला लागली. नवा प्लग, साफ कार्बोरेटर, आणि तोच काळा धूर. वसंतराव रस्त्याच्या कडेला उतरले आणि गाडीकडे नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना एखाद्या वस्तूशी असा अबोला धरताना पाहिलं नव्हतं.

नशिबाने शेजारी एस.टी.डी.चं दुकान होतं. मी दौंडला फोन लावला. भावोजी आले.

"काय म्हनता आक्का, पोचली का गाडी?"

"पोचली, पण सकाळी लागत नाही, आणि लागली की एका जागी टिकत नाही. दोन मेकॅनिक झाले."

"चोक काढला व्हता का?"

"काढला होता. दर वेळी काढते."

"मंग लागल्यावर लावला का?"

"लावला. एकदाही विसरले नाही."

पलीकडे धडधड. बहुधा मालगाडी. मग म्हणाले, "मंग तुमचं बरोबर हाय. मशिनीतच दोष निघाला म्हणायचा. माझ्या हाताखाली आसं कवाच झालं न्हाई."

मी आभार मानून फोन ठेवला. आम्हा दोघांचं संपूर्ण एकमत झालं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सोमवार, वस्ती

मी सगळ्यांच्या आधी उठले होते असं मला वाटत होतं. पण अंगणात आले तर सुनीता निळा ड्रेस घालून, डब्याची पिशवी हातात धरून, गाडीपाशी उभी होती. पूर्वेला नुसती राख पसरल्यासारखा उजेड. बोलताना तोंडातून वाफ येत होती. आप्पा खाटेवर घोंगडी पांघरून बसले होते. ते झोपले तरी होते की नाही कोण जाणे.

दत्ताने किक मारली. मी डाव्या बाजूला उकिडवी बसून खटका खाली दाबून धरला होता, जणू तो पळून जाणार होता. गाडी लागली नाही. दत्ता मारत राहिला. त्याचा दम ऐकू येऊ लागला. वसंतराव म्हणाले, "जरा थांब, मी मारतो." त्यांनाही ती बधली नाही. सुनीताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आप्पा उठले आणि आमच्यापाशी आले.

"चोक काढलाय का?"

"काढलाय, आप्पा."

ते वाकले आणि माझं बोट बाजूला करून चाचपलं. "कुठं काढलाय? ह्यो लावलेला हाय की."

"लावलेला नाही. खाली आहे, म्हणजे काढलेला आहे."

"खाली हाय म्हंजी लावलेला."

"आप्पा, दोन दिवस हा खटका मीच सांभाळते आहे."

"विहीणबाई, हिरीवरच्या राकेलच्या इंजनानं माझं निम्मं आयुष्य खाल्लं. तुमी मला चोक शिकवता व्हय?"

हौसाबाई चहाची भांडी घेऊन दारात आली. "काय लावलंय सकाळच्या पारी?"

"ह्यांच्याकडं काढलेल्याला लावलेला म्हनत्यात," आप्पा म्हणाले.

"आम्ही काढलेल्याला काढलेलाच म्हणतो," मी म्हटलं.

हौसाबाईने चहा खाली ठेवला आणि न्यायनिवाड्याला बसल्यासारखी उंबऱ्यावर बसली. "मला सांगा, तुमच्याकडं कडी काढली म्हंजी दार उघडतं का बंद व्हतं?"

"उघडतं."

"आन् दार लावलं म्हंजी?"

"बंद होतं. पण दिवा लावला म्हणजे काय होतं तुमच्याकडे? विझतो का?"

"चोक काय दिवा हाय व्हय?"

"मग काय कडी आहे?"

"सरका," आप्पा म्हणाले. त्यांचा धीर संपला होता. त्यांनी खटका वर केला. "ह्यो बघा, ह्यो काढला. आता मार रं दत्ता."

दत्ताने किक मारली. इंजिन फुरफुरलं. दुसऱ्या किकला गाडी असा आवाज करत उठली की दावणीची मेंढरं एकदम उभी राहिली. आप्पा तसेच वाकलेले, मान तिरकी करून, कान इंजिनाकडे. दत्ता काही बोलणार तोच त्यांनी दुसरा हात वर करून त्याला गप्प केलं. मग बोटाने खटका अलगद खाली आणला.

"आन् ह्यो लावला."

गाडीचा आवाज खाली उतरला आणि एका लयीत स्थिर झाला. वरवंडच्या लिंबाखाली ऐकला होता अगदी तोच. मी तशीच उकिडवी बसून राहिले. वसंतरावांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. चोक म्हणजे हवेची वाट आवळायची, म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. एवढं आम्हाला दत्ताने नंतर सांगितलं. पण तेव्हाच मला उमगलं की मी दोन दिवस गाडी उपाशीपोटी उठवत होते आणि उठल्यावर तिच्या घशात पेट्रोल कोंबत होते. भावोजींचं म्हणणंही बरोबर होतं आणि माझं मराठीही बरोबर होतं. त्यांचा चोक कडीच्या घरातला, काढला की सुरू; आणि माझा दिव्याच्या, लावला की सुरू.

मी ते बोलणार होते. पण अंगणात सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पा सरळ उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की गाडी चालू आहे.

सुनीता पिशवी पोटाशी धरून उभी राहिली.

"चालू झाली न्हवं?" हौसाबाई उंबऱ्यावरून म्हणाली.

"झाली."

"मंग तुमीच म्हनला व्हता."

"गाडी चालू झाली तर, आसं म्हनलो व्हतो," आप्पा म्हणाले. "मी चालू करीन, आसं कुठं म्हनलो व्हतो?"

हौसाबाईने पदर तोंडाला लावला. दत्ता टाकीचं झाकण उगाच घट्ट करू लागला. गाडी चालतच होती, एका सुरात, कुठेही न अडखळता, आणि तिच्यापुढे कोणाचंच काही चालत नव्हतं.

आप्पांनी खांद्यावरची घोंगडी काढली, दोनदा झटकली, आणि सुनीतापुढे धरली. "वाऱ्याचं बसणार हायेस. ही गुंडाळ." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "जावा आता. बस काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

निळ्या ड्रेसवर काळी घोंगडी गुंडाळून सुनीता मागे बसली. गाडी उसाच्या मधल्या वाटेने गेली. लाल दिवा दिसेनासा झाल्यावरही आवाज येत राहिला. आप्पा मान तिरकी करून ऐकत होते. कॅनॉलच्या पुलावर वळणाला गाडी हळू होते. तिथे आवाज बारीक झाला, आणि मग पुन्हा मोठा होऊन पुढे गेला.

आम्ही चहा घेतला. तोपर्यंत मी हौसाबाईला सगळी भानगड समजावून सांगितली. तिने ती पुरती ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हंजी चूक कुणाचीच न्हाई."

"माझी थोडी आहे."

"आसंल," ती म्हणाली आणि मला आणखी चहा ओतला.

उजाडलं तसा दत्ता परत आला. मागची सीट रिकामी.

"घावली का बस?" आप्पांनी विचारलं.

"घावली. खिडकीजवळ जागा मिळाली तिला. घोंगडी संगंच नेली."

आप्पांनी मान हलवली. दत्ता गाडी बंद करायला किल्लीकडे वाकला.

"ऱ्हाऊ दे जरा," आप्पा म्हणाले. ते खाटेवर बसले, बशीत चहा ओतला आणि फुंकर न घालता तशीच बशी धरून इंजिनाकडे बघत राहिले. "उद्या निघायच्या आधी मला हाक मार. चोकाचं मी बघंन. तुमच्यापैकी कुणी त्याला हात लावू नका."

"हात लावू नका म्हणजे," वसंतराव हळूच मला म्हणाले, "लावायचा का काढायचा?"

गाडी अंगणात चालत राहिली. मेंढरं पुन्हा बसली होती.